शुक्रवारचा आवाज

"आता फिरव," अप्पा म्हणाले.

सायकल दारात उलटी उभी केली होती. सीट आणि हॅन्डल जमिनीवर, चाकं वर. मी हातानं पायडल फिरवलं. अप्पांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मधल्या एक्सलच्या नळीवर टेकवलं होतं आणि मूठ कानाला लावली होती. डोळे मिटलेले. मागचं चाक सरसरत फिरत होतं.

"हळू. आता उलटं."

मी उलटं फिरवलं.

"काय नाही," ते म्हणाले. "पाण्यागत फिरतंय."

"मग आवाज कुठला?"

"तेच तर."

त्यांनी पाना उचलला आणि तो त्यांच्या डाव्या हातातून निसटून फरशीवर पडला. "ग्रीस लागलंय हाताला," म्हणत त्यांनी हात चड्डीला पुसला आणि पुन्हा उचलला.

शुक्रवार होता म्हणून आम्हाला हे करता येत होतं. इचलकरंजीत आमच्या गल्लीत चारी बाजूंनी यंत्रमागांच्या शेड, आणि शुक्रवारी त्या भागाची वीज बंद. एरवी भिंतीसुद्धा थरथरायच्या. आमच्याकडे लोक एकमेकांशी ओठांनी बोलतात. शेडमध्ये ओरडून उपयोग नसतो, म्हणून सगळे समोरच्याच्या तोंडाकडे बघायला शिकतात. आई मागावर असायची. तिनं मला मारलेल्या बहुतेक हाका मी ऐकलेल्या नाहीत, पाहिलेल्या आहेत.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात मी आणि अप्पा. अप्पा जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे. बारा मागांच्या खडखडाटात उभं राहून कुठल्या मागाचा कुठला दांडा ढिला आहे ते सांगायचे, त्यामुळे दुसऱ्या शेडवालेही त्यांना बोलावून न्यायचे. मी कोल्हापूरला फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि त्या उन्हाळ्यात बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला माझी निवड झाली. जुलैच्या शेवटच्या सोमवारी मिरजेहून गाडी होती. मला जायचं होतं. अप्पांना एकटं टाकून जावं की नाही, याचा निर्णय मात्र माझ्या मनात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असायचा. इथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला जागा होती. मी एकदा तसं बोलून बघितलं.

"तसल्या जागा काय पळून चालल्यात?" अप्पा म्हणाले. "बंगळूरच्या पत्रात लिहिलंय न्हवं, आवार मोठं हाय, पोरं सायकलवर फिरत्यात? माझी घेऊन जा. पार्सलच्या डब्यात घालू. मला काय, शेड दोन गल्ल्यांवर."

सायकल काळी, बावीस इंची, माझ्या जन्माच्या आधीची. ती न्यायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात, बाजारातून येताना मी कॅरिअरवर बसले असताना, मला तो आवाज ऐकू आला. टक्. जरा वेळानं पुन्हा टक्. अप्पांनीही तो ऐकला, कारण त्यांची मान किंचित तिरपी झाली.

"आवाज करणारं यंत्र मी कुणाच्या हातात देत न्हाई," घरी आल्यावर ते म्हणाले. "ही नीट झाली की तू मोकळी."

तर तो पहिला शुक्रवार. समोरच्या पायरीवर शेजारच्या आक्काताई मावशी तांदूळ निवडत आमचा उद्योग बघत होत्या.

"जॉबर, बाप-लेकीनं सायकलीचं ऑपरेशन काढलंय वाटतं."

"तपासणी चाललीय अजून."

"आधी चपलेला लोखंड मारलं, आता सायकलीच्या मागं लागलासा. उद्या टोपीला पत्रा ठोकशीला."

अप्पांच्या डाव्या चपलेच्या पुढच्या कडेला त्यांनी लोखंडाची बारीक पट्टी वाकवून ठोकली होती. "पुढनं झिजायली होती," ते म्हणाले. "एवढ्यासाठी नवा जोड घ्यायचा व्हय?"

"माझ्या मालकाच्या डोक्याला काय ठोकता आलं तर बघा. तेबी पुढनं झिजलंय."

दुसऱ्या दिवसापासून माग चालू झाले, म्हणून आम्ही रोज सकाळी पंचगंगेकडच्या रस्त्यावर जायला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, वर्दळ कमी. अप्पा सायकल चालवायचे आणि मी शेजारून पळायचे.

आवाज पकडायची माझी पद्धत साधी होती. आधी तो किती वेळानं येतो ते बघायचं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला येत असता तर चाकात, साखळीच्या फेऱ्याला येत असता तर साखळीत. हा पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत होता. म्हणजे पायडल, त्याचा दांडा असतो तो क्रँक, क्रँकची कॉटर पिन किंवा मधला एक्सल. नंतर मी बघितलं की उजवा पाय खाली जाताना येतो. जोर पडतो तेव्हाच यंत्र कुरकुरतं, म्हणून दोष उजवीकडे. अप्पांचंही तेच मत पडलं.

आम्ही उजवी कॉटर पिन बदलली. टक्. पायडल बदललं. टक्. एक्सल उघडून छर्रे नवे घातले, नवं ग्रीस भरलं. टक्. आवाजात तसूभर फरक नाही.

"मी चालवू?" मी विचारलं.

मी उसापासून पुलापर्यंत गेले आणि परत आले. काही नाही. नुसती साखळीची सुरसुर.

"वजनाचा फरक असेल," मी म्हणाले. "तुमचं वजन जास्त."

दुसऱ्या दिवशी मी कॅरिअरवर सुताच्या कोनांचं पोतं बांधून आले. दम लागला, पण आवाज आला नाही. अप्पा बसले आणि पहिल्याच फेऱ्याला टक्.

"तुझ्या फिजिक्सला माझी सायकल मानवंना," ते हसून म्हणाले.

"सायकलीला मी मानवते. तुम्ही मानवत नाही."

"जुनी झाली की बायकोसारखं हुतं. घरच्याच माणसावर कुरकुर."

ते उतरताना थोडे अडखळले आणि उसाच्या बांधावर हात टेकून उभे राहिले. मी म्हणाले, दमलात. ते म्हणाले, वय झालं. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते.

दुसऱ्या शुक्रवारी अप्पांनीच नीळ काढली. मागाच्या कामात हे करतात. दोन भाग कुठं घासतात ते दिसत नसेल तर एकाला तेलात कालवलेली नीळ लावायची, माग थोडा फिरवायचा आणि डाग कुठं उमटतो ते बघायचं. डाग खोटं बोलत नाही. मी चिंध्यांच्या बोळ्यानं चेनकव्हरच्या आत, चौकटीच्या नळ्यांना, दोन्ही क्रँकना सगळ्या बाजूंनी नीळ लावली. सायकल निळ्या चट्ट्यांची झाली. गल्ली शांत होती. अप्पा बसले आणि शेवटच्या शेडपर्यंत जाऊन आले. टक्, टक्, टक्. आक्काताईंनाही ऐकू गेला.

"बोललं बघा घुबड," त्या म्हणाल्या.

मी गुडघ्यांवर बसून एकेक जागा तपासली. चेनकव्हर जसंच्या तसं. नळ्या तशाच. उजवा क्रँक, ज्याच्यावर आम्ही आठवडा घालवला होता, त्याच्यावरची नीळ कुठंही हललेली नव्हती. डाव्या क्रँकवर, बाहेरच्या बाजूला, पायाकडच्या बाजूला, नखाएवढा भाग चकचकीत पुसलेला होता.

डाव्या. म्हणजे उजवा पाय खाली जाताना नव्हे, डावा मागून वर येताना. दोन्ही एकाच क्षणी होतं आणि आम्ही जोर कुठं आहे तिकडेच बघत बसलो होतो.

"तिथली नीळ गेली कुठं?" अप्पा म्हणाले.

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. डाव्या चपलेची लोखंडी पट्टी निळी झाली होती.

"अप्पा," मी म्हणाले, "चप्पल."

त्यांनी खाली बघितलं. मग आम्ही दोघंही हसायला लागलो. अप्पा सायकलच्या सीटला धरून हसत होते. नव्या छर्ऱ्यांचे पैसे गेले, पिन गेली, पोतं वाहून माझी पाठ दुखली आणि आवाज होता चपलेचा. आक्काताईंना कळलं तेव्हा त्यांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"म्या तवाच म्हटलं हुतं, ठोकू नगा म्हणून."

"तुम्ही टोपीचं म्हणाला हुता," अप्पा म्हणाले.

पट्टी उपटून टाकली असती तर प्रश्न मिटला असता. अप्पा पक्कड घेऊन बसलेही होते. पण मला एक सवय लागली होती. कारण सापडलं की त्या कारणाचं कारण विचारायचं.

"उजवीला पट्टी का नाही?"

"उजवी झिजत न्हाई."

"डावीच का झिजते?"

अप्पांनी पक्कड खाली ठेवली. दारात मागाच्या शेडमधून उडालेल्या कापसाची आणि मातीची धूळ नेहमीच असायची. मी त्यांना म्हणाले, "जरा नळापासून दारापर्यंत चालून दाखवा. नेहमीसारखे."

ते चालले. मी पावलं बघितली नाहीत, मागे उमटलेले ठसे बघितले. उजवे ठसे सुटे होते. डाव्या प्रत्येक ठशाच्या पुढं मातीत एक रेघ ओढलेली होती. नळापासून दारापर्यंत.

अप्पांनीही मागं वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सगळ्यात जवळची रेघ त्यांनी पायानं पुसायला घेतली. डाव्या पायानं. तिथं नवी रेघ उमटली.

"बसा," मी म्हणाले. "टाच टेकवून ठेवा आणि बोटं वर उचला."

उजव्या पायाची बोटं वर आली. डावा पाय तसाच पडून होता. अप्पा त्याच्याकडे, वायर जोडली तरी न फिरणाऱ्या मोटरीकडे बघावं तसे बघत होते.

"लाईट येईना," ते म्हणाले.

आक्काताई पायरीवरून उठून आमच्या दारात आल्या.

मंगळवारी आम्ही मिरजेला गेलो. पायाचं दुखणं म्हणून गेलो आणि त्यांनी आम्हाला नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी हातोडीनं गुडघे ठोकले, पायाच्या तळव्यावरून किल्ली ओढली, अप्पांचा डावा हात उलटासुलटा करून बघितला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसल भाग बसलेला होता. रोज जेवताना तो हात माझ्यासमोर असायचा.

"हातातून वस्तू पडतात का?"

"ग्रीसचं काम असतं," अप्पा म्हणाले.

मग त्यांना आतल्या खोलीत कॉटवर निजवलं. एका यंत्राला तारेनं जोडलेली बारीक सुई डॉक्टरीणबाईंनी पोटरीत टोचली. यंत्राला छोटा स्पीकर होता. पाय आवळायला सांगितल्यावर त्यातून घरघर आली. "आता पूर्ण सैल सोडा," त्या म्हणाल्या.

अप्पांनी सैल सोडलं. स्पीकरमधून आवाज येतच राहिला. पत्र्यावर तुरळक खडे पडावेत तसा. टप. टप टप. टप.

अप्पांनी डोळे मिटले. मान किंचित तिरपी झाली.

"ह्यो कशाचा आवाज?"

"तुमच्या स्नायूचा."

"सैल सोडलंय की मी."

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सैल सोडल्यावर काही ऐकू यायला नको."

त्यांनी सुई मांडीत टोचली, मग दंडात, मग हनुवटीखाली. अप्पा प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून ऐकत होते. चांगल्या पायाच्या मांडीतही तो आवाज होता. दुसरी एक तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या झाल्या आणि गुरुवारी त्यांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. का, ते माहीत नाही.

"दुरुस्ती?" अप्पांनी विचारलं.

"एक गोळी आहे. वेग थोडा कमी होतो. दुरुस्ती नाही."

"पुढं काय काय बंद पडतं?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तिच्याकडं बघू नका, बाई. मला सांगा. जॉबर हाय मी. कुठला भाग आधी जातो आणि कुठला नंतर, एवढं सांगितलंसा की झालं."

त्यांनी सांगितलं. पाय, हात. मग बोलणं आणि गिळणं. शेवटी श्वास. डोकं शेवटपर्यंत चांगलं राहतं, असं त्या म्हणाल्या, आणि ही त्यातली बरी गोष्ट की वाईट हे त्यांनाच ठरवता आलं नसावं, कारण वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं.

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीशी बसले होते. शिरोळची पाटी गेल्यावर म्हणाले, "सोमवारची तयारी झाली का?"

"बघू."

"बघायचं काय त्यात?"

"तुमच्याजवळ कोण राहणार?"

"आक्काताई हाय. शेडमधली पोरं हायत. हाय का न्हाई अजून मी चालता-फिरता? त्यो आवाज मिटला की तू मोकळी, असं ठरलं हुतं आपलं."

"आवाज चपलेचा होता, अप्पा."

"कशाचा का असंना."

तिसरा शुक्रवार. मी आत कपड्यांची ट्रंक उघडून बसले होते. काही कपडे बाहेर काढलेले होते, पण ते भरायला काढले होते की परत कपाटात ठेवायला, हे माझं मलाच सांगता आलं नसतं. गल्ली शांत होती. बाहेरून अप्पांची हाक आली.

"वैजू, भाईर ये. ऐक."

ते सायकलवर होते. आधी दाराच्या दगडाला टेकून बसले असावेत, कारण मी आले तेव्हा सायकल नुकतीच हलली होती. ते आमच्या दारावरून पुढं गेले, शेवटच्या शेडपाशी मोठं वळण घेतलं, परत आले, पुन्हा गेले. पाठ ताठ. साखळीची सुरसुर तेवढी ऐकू येत होती. टक् नाही.

"बघ, हाय का आवाज?"

"नाही."

"पट्टी काढली न्हाई मी. तशीच हाय. तरीबी आवाज न्हाई."

तिसऱ्यांदा परत येताना मला त्यांचा डावा पाय नीट दिसला. मागावर धोट्याला फटका देणारी काठी असते, तिला बांधतात तो चामड्याचा पट्टा त्यांनी घेतला होता आणि पाऊल पायडलला करकचून बांधलं होतं. घोट्यावरून दोन वेढे आणि वर गाठ.

"थांबा," मी म्हणाले.

ते थांबत नव्हते. पुन्हा शेवटच्या शेडकडे गेले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मला काही दाखवायला फेऱ्या मारत नव्हते. त्यांना उतरता येत नव्हतं. उजवा पाय टेकवून सायकल तोलायची तर डावा सोडवायला हात लागणार होता, आणि दोन्ही हात हॅन्डलवर हवे होते. परत येताना वेग कमी झाला, हॅन्डल डगमगलं, आणि त्यांनी आमच्या दारासमोरच्या विजेच्या खांबाला मिठी घातली. सायकल त्यांच्या खाली तिरपी झाली. मी पळत जाऊन ती धरली.

"जमतंय की," ते धापा टाकत म्हणाले.

मी खाली बसले आणि गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट होती. त्यांनी ती दातांनी आवळली होती, पट्ट्यावर दातांचे व्रण होते. माझी नखं लागेनात. तोल सांभाळायला अप्पांनी एक हात माझ्या डोक्यावर ठेवला.

आक्काताई दारात आल्या. त्यांना आमच्या पाठी दिसत असणार, पट्टा नाही.

"आजच निघाली व्हय गं? सोमवार म्हणत हुतीस न्हवं?" त्या म्हणाल्या. "पड, नीट पाया पड. आईच्या वाटणीचंबी पड."

"सोमवारचीच गाडी हाय तिची," अप्पा वरून म्हणाले.

त्यांचा हात माझ्या केसांवर होता आणि त्या हाताच्या आत, कातडीखाली, काहीतरी सारखं उडत होतं. टप. टप टप. मिरजेच्या स्पीकरमध्ये ऐकलं होतं तेच, आता आवाजाशिवाय.

जॉबरच्या खिशात सुताची छोटी कात्री असते. मी त्यांच्या खिशात हात घातला आणि कात्री काढली. चामडं जाड होतं. एका झटक्यात ते कापलं गेलं नाही, कडेपासून थोडं थोडं कुरतडावं लागलं.

"कापू नको," अप्पा म्हणाले. "चांगला पट्टा हाय."

मी कापत राहिले. शेवटचा धागा तुटला तसा त्यांचा पाय पायडलवरून घसरून माझ्या मांडीवर पडला, आणि तो किती जड होता ते मला कळलं.

तेवढ्यात वीज आली. त्या दिवशी ती ठरल्यापेक्षा लवकर आली. आधी कोपऱ्यावरची शेड सुरू झाली, मग समोरची, मग मागची, आणि मिनिटाभरात गल्ली नेहमीसारखी भरून गेली. आक्काताई पदर खोचून मागावर जायला निघाल्या. मी वर बघितलं. अप्पा खांबाला धरून माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही. एकच अक्षर होतं.

जा.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा आवाज गेला. घरी यायच्या परिचारिकेनं अक्षरांचा तक्ता आणला होता. बोट दाखवून शब्द जुळवायचे. आम्हाला त्याचा उपयोग झाला नाही. अगदी शेवटपर्यंत ते ओठांनी बोलत होते आणि मी वाचत होते. मी इथल्या कॉलेजात शिकवून घरी आले की ते दिवसभराचं सगळं सांगत, शेडमध्ये कुणाचा माग बंद आहे तेही, कॉटवर पडल्या पडल्या भिंतीतून ऐकलेलं. आणि मधूनच, काही संबंध नसताना, पुन्हा तो एक शब्द.

त्या शुक्रवारी त्यांनी तो दुसऱ्यांदा म्हटला तेव्हा मी खाली वाकून पट्ट्याचे तुकडे गोळा करायला लागले. आमच्या गावात एखाद्याचं ऐकायचं नसेल तर कान झाकावे लागत नाहीत. नुसती मान फिरवावी लागते.